सवय झालीय म्हणणाऱ्याच्या हातात पट्टी

शनिवारची पहाट, पाचला दहा कमी. इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरात खाली ताईचं बिऱ्हाड आणि वर माझं. फिरायला निघालो, तर खाली ओट्यापाशी भाचा उभा. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हातात गाडीची किल्ली. साडेतीनला न्यूयॉर्कच्या वेळेची शिफ्ट संपली होती, सव्वाचारला कॅबनं दारात सोडलं होतं, आणि आता तीन मित्रांना घेऊन साहेब ओंकारेश्वरला निघाले होते. ऐंशीएक किलोमीटरचा रस्ता, मधे भेरूघाट. "झोपलास कधी?" विचारलं, तर म्हणाला, "मामा, मला सवय झालीय. एकदम फ्रेश आहे."

मी चाळीस वर्षं शाळेत फिजिक्स शिकवलं आहे. वाद घालण्यापेक्षा मोजून बघावं, ही खोड अजून गेलेली नाही. भाचीच्या दप्तरातून तीस सेंटीमीटरची पट्टी काढली. प्रयोग जुनाच आहे. पट्टीचं वरचं टोक मी धरायचं, खाली शून्याच्या खुणेशी समोरच्यानं अंगठा आणि तर्जनी पट्टीला न शिवता उघडी ठेवायची. मी न सांगता पट्टी सोडली की त्यानं चिमटीत पकडायची. गुरुत्वाकर्षण कुणाची भीडभाड ठेवत नाही, त्यामुळे पट्टी किती घसरली यावरून वेळ काढता येतो. पंधरा सेंटीमीटरवर पकडली तर सेकंदाचे साधारण १७५ सहस्रांश, वीसवर पकडली तर २००. पूर्ण तीस सेंटीमीटर निसटली म्हणजे पाव सेकंद हातचा गेला.

हाच खेळ आम्ही आधीच्या सोमवारी दुपारी, रविवारची झोप पुरी झाल्यावर खेळलो होतो. तेव्हा दहापैकी दहा वेळा त्यानं पट्टी पंधरा ते अठराच्या आत पकडली होती. आज सात वेळा तशीच पकडली, एकदा तर चौदावर. मग एकदा सत्तावीसवर. आणि दोनदा पट्टी सरळ फरशीवर पडली, खळ्ळकन. दुसऱ्यांदा तर ती पडल्यावर त्याची चिमूट मिटली.

"हात ओला होता," तो म्हणाला.

दहा खेपांना प्रयोग म्हणत नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण जे दिसलं ते झोपेच्या संशोधकांच्या चांगलंच ओळखीचं आहे. झोप कमी पडलेला माणूस सरसकट मंद होत नाही. बहुतेक वेळा तो ठीकठाक चालतो आणि अधूनमधून साफ गायब होतो. प्रयोगशाळेत हे तपासायला दहा मिनिटांची एक कंटाळवाणी चाचणी असते. पडद्यावर आकडे धावू लागले की बटण दाबायचं, बस्स. अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ लागला की एक खाडा मांडतात. जागरण वाढतं तसे हे खाडे वाढतात. सरासरी मात्र पुष्कळ वेळा बरी दिसत राहते. आपण स्वतःला सरासरीनं जोखतो, आणि घाटातलं वळण नेमकं खाड्याच्या क्षणी येऊ शकतं.

आता "सवय झालीय" या वाक्याकडे. २००३ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या हान्स व्हॅन डाँगेन, डेव्हिड डिंजेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४८ निरोगी माणसांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कुणाला सलग चौदा दिवस रोज आठ तास झोपू दिलं, कुणाला सहा, कुणाला चार. आणखी एका गटाला सलग तीन रात्री जागवलं. सहा तासवाल्यांचे खाडे दिवसागणिक चढत गेले. दोन आठवड्यांनी ते आख्खी रात्र जागलेल्या माणसाच्या पातळीला येऊन टेकले, आणि चार तासवाले दोन रात्री जागलेल्यांच्या. कळीची गोष्ट पुढे आहे. या मंडळींना रोज विचारत होते, झोप किती येतेय? पहिले काही दिवस आकडा वाढला आणि मग जवळपास तिथेच थांबला. हात चुकत राहिले, पण आपल्याला झोप आलीय हे वाटणं मात्र वाढेना. म्हणजे सवय होते, पण ती जागरणाची नाही, पेंगुळलेलं असण्याची. झोपेचा हिशेब ज्या मेंदूनं ठेवायचा, तोच झापडलेला. अशा मुनिमाला रोकड मोजायला बसवलं तर तो "सगळं बरोबर आहे" असंच सांगणार.

त्या पहाटे भाच्याला जागं होऊन अठरा तास झाले होते. १९९७ साली ड्र्यू डॉसन आणि कॅथरिन रीड यांनी 'नेचर'मध्ये एक छोटा निबंध छापला. त्यांनी माणसांना एकदा जागवलं, एकदा दारू पाजली, आणि दोन्ही वेळा हात आणि डोळा यांचा मेळ तपासला. सलग सतरा तास जागल्यावर कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असताना जितकी बिघडते तितकी बिघडली होती. आपल्याकडे मोटार वाहन कायद्यात गाडी चालवणाऱ्यासाठी मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. थेंब न पिता भाचा ती ओलांडून उभा होता, आणि चौकातल्या पोलिसाचं यंत्र त्याला हसतमुखानं सोडून देणार होतं. ताशी साठच्या वेगात तीन सेकंद डोळा लागला तर गाडी पन्नास मीटर पुढे जाते. त्या तीन सेकंदांत डोळे उघडेही असू शकतात, बघणारा मात्र जागेवर नसतो.

किल्ली खिळ्यावर गेली. मित्र फोनवर भरपूर बोलले. मंडळी शेवटी बाराला निघाली.

पण मग त्याला फ्रेश का वाटत होतं? तो खोटं बोलत नव्हता. झोपेचे कारभारी दोन असतात, ही मांडणी १९८२ मध्ये अलेक्झांडर बोर्बेली यांनी केली. पहिला नुसता साठा वाढवत जातो. जागेपणी मेंदूच्या पेशी काम करतात तसं अॅडेनोसिन नावाचं रसायन साचत जातं, आणि साचेल तशी पेंग चढते. चहा-कॉफीतलं कॅफिन हे अॅडेनोसिन काढून टाकत नाही, ते जिथे चिकटायचं तिथे स्वतः जाऊन बसतं. खुर्ची अडवल्यासारखं. साठा मागे वाढतच असतो. घेतलेल्या कॅफिनपैकी निम्मं शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात, म्हणून रात्री दोनला घेतलेला कडक चहा सकाळी सातला अर्धा अंगात असतो. नेमका तेव्हा, जेव्हा झोपायचं असतं.

दुसरा कारभारी म्हणजे घड्याळ. मेंदूत, डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेदतात त्याच्या किंचित वर, वीसएक हजार पेशींचा एक पुंजका आहे. तो शरीराला दिवसरात्र कळवत असतो. पेशींमधलं हे घड्याळ कसं चालतं ते चिलटांसारख्या फळमाश्यांवर शोधून काढल्याबद्दल जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं. पहाटे तीन-चारला हे घड्याळ आपल्याला तळाला नेतं, शरीराचं तापमानही त्याच सुमाराला सगळ्यात कमी असतं. मग उजाडता उजाडता ते पुन्हा वर उचलू लागतं. रात्रभर जागलेल्याला सकाळी "झोप उडाली" असं वाटतं ते यामुळे. उधारी फिटलेली नसते, फक्त सावकार दाराबाहेर थांबलेला असतो.

आणि हे घड्याळ लावतं कोण? मुख्यतः उजेड. भाच्याची शिफ्ट संध्याकाळी साडेसहाला सुरू होते, कारण तेव्हा न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की साडेसातला. पगार न्यूयॉर्कच्या वेळेचा, पण सूर्य इंदूरचाच. सकाळच्या उन्हात खिडकी उघडली की पुंजक्याला कळतं, दिवस उजाडला. घड्याळ सरकतं ते फार तर दिवसाला तासभर, आणि पाच दिवसांत ते जरा हललं की शनिवार-रविवार येतात, लग्न, मुंज, मित्र, सराफा. पुन्हा इंदूर. दर सोमवारी जणू विमानानं परदेशी जायचं आणि दर शनिवारी परत यायचं. टिल रोनेबर्ग या जर्मन संशोधकानं या प्रकाराला 'सोशल जेटलॅग' असं नाव दिलंय. विमानाचं तिकीट तेवढं वाचतं.

सराफ्याचं नाव निघालंच आहे तर. दिवसा सोन्याचांदीची दुकानं आणि रात्री त्याच ओट्यांपुढे भुट्ट्याचा कीस, खोपरा पॅटिस, थंडीत गराडू. हा बाजार स्वतःच दोन पाळ्यांत चालतो, आणि मध्यरात्री तिथे उभं राहून खाणं सोडा असं सांगायला मी काही इंदूरबाहेरचा नाही. पण शिकागो विद्यापीठात २००४ मध्ये निरोगी तरुणांना फक्त दोन रात्री चार-चार तास झोपू दिलं, तर पोट भरल्याचं कळवणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरलं आणि भूक चाळवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी चढलं. त्यात तेच जेवण रात्री घेतलं की रक्तातली साखर दिवसापेक्षा जास्त चढते, कारण स्वादुपिंडालाही रात्र कळते. जागरणानंतरची ती मावाबाटीची ओढ जिभेची असते असं आपण समजतो. पुष्कळदा ती नीज मागत असते.

आमचे दादा मिलमध्ये होते. त्यांची रातपाळी एक आठवडा, मग पुढचा आठवडा दिवसपाळी, म्हणजे शरीराचे हाल काही कमी नव्हते. पण भोंगा झाला की काम फाटकाच्या आत राहायचं. रविवारची सुट्टीही कुणी सहज दिलेली नव्हती. मुंबईच्या गिरणी कामगारांना ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे १८९० मध्ये मिळाली, आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा १९४८ च्या कारखाना कायद्यानं घातली. भाच्याचा भोंगा वाजतच नाही. दुपारी दोनला, जेवता जेवता, फोनवर कुणाचा तरी निरोप येतो आणि तो पोळी हातात धरून टाइप करत बसतो. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तासवाल्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकारानं मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. तरुणांनी अजून तास घालावेत असं सांगणाऱ्यांची आपल्याकडे वानवा नाही. त्यांच्यापुढे एकदा पट्टी धरायला मला आवडेल.

एवढं सगळं भाच्याला ऐकवून झाल्यावर ताईकडे लक्ष गेलं. ती गॅसपाशी उभी होती, पोहे परतत. तो सव्वाचारला येतो, म्हणून ती रोज चारला उठते, जेवण गरम करते. मग भाचीची शाळा, डबा, नळाचं पाणी. रात्री झोपायला साडेअकरा. "तू पण धर ना," मी म्हटलं. "माझी कसली परीक्षा घेतोस, मी घरीच तर असते," म्हणाली, पण हात पुसून बसली. दहापैकी चार पट्ट्या पडल्या. वय वाढलं की हात थोडा मंदावतो हे मान्य. पण पट्टी पडणं म्हणजे मंदपणा नव्हे, तो खाडा.

शिफ्ट एकाची आणि जागरण दोघांचं, हे आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. २०१९ च्या देशव्यापी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात असं दिसलं, पुरुष ९७. ही पाळी कुठल्याच हजेरीपटावर नसते, तिला रविवारही नसतो.

मग काही गोष्टी बदलल्या. जेवण कॅसरोलमध्ये, तो आपलं आपण वाढून घेतो. पहिल्याच दिवशी वरण उतू गेलं, ओटा त्यानंच पुसला. निघण्याआधी संध्याकाळी वीसेक मिनिटांची डुलकी. नासानं लांब पल्ल्याच्या वैमानिकांवर केलेल्या प्रयोगात सरासरी २६ मिनिटांच्या झोपेनं सावधपणा सुधारला होता, आणि एवढ्याशा झोपेतून उठताना सहसा डोकं जडही होत नाही. रात्रीचा शेवटचा चहा बाराच्या आत. सुट्टीच्या दिवशीही पहाटे पाच ते सकाळी नऊ एवढे चार तास ठरलेली झोप, म्हणजे घड्याळाला धरायला एक खुंटी राहते. सुट्टीत बारा-बारा तास झोपून आठवडा भरून काढतो, असं त्याचं म्हणणं होतं. कोलोरॅडोत २०१९ मध्ये झालेल्या एका प्रयोगात तशा झोपेनं इन्सुलिनचा बिघाड काही थांबला नव्हता.

सगळ्यात अवघड निघाली ती सकाळ. सव्वासातला कचरागाडी आपलं गाणं लावून गल्लीत येते. शहराचा स्वच्छतेत पहिला नंबर लागतो याचा मलाही अभिमान आहे, पण पाचला झोपलेल्या माणसाला ते गाणं कसं वाटत असेल! दिवसाची झोप तशीही रात्रीपेक्षा तुटक आणि काही तासांनी कमी असते. घड्याळ जागं करत असतं आणि जग त्याला साथ देतं. ओल्या-सुक्याच्या बादल्या आता मी खाली नेतो, म्हणजे गाडीवाल्याला हाक मारावी लागत नाही. बेलवर चिकटपट्टी लावली आहे. खिडकीला दादांची जुनी सतरंजी, आतून काळा कागद. कानात कापूस.

गेल्या शनिवारी पहाटे पुन्हा पट्टी काढली. त्याची एक पडली. ताईला विचारायला गेलो, तर ती झोपली होती. किल्ली मी वर घेऊन आलो.