उष्णकटिबंधीय गोड्या पाण्यातील विषारी सायनोबॅक्टेरिया

सायनोबॅक्टेरिया हे सूर्यप्रकाशावर स्वतःचे अन्न तयार करणारे जीवाणू आहेत. पेशीत केंद्रक नसल्याने ते शैवालात मोडत नाहीत, तरी 'नीलहरित शैवाल' हे जुने नाव अजून चालते आणि तलावाच्या काठावर तर सगळेच शेवाळ. उष्ण प्रदेशातील तलाव, धरणे व संथ नद्यांत मायक्रोसिस्टिस, डोलिकोस्पर्मम (पूर्वीचे नाव ॲनाबिना), प्लँक्टोथ्रिक्स आणि रॅफिडिऑप्सिस (पूर्वीचे सिलिंड्रोस्पर्मॉप्सिस) या प्रजातींचे काही वाण विष तयार करतात. 'काही वाण' हे महत्त्वाचे. एकाच तलावात, एकाच प्रजातीचे विषारी आणि बिनविषारी वाण शेजारी शेजारी वाढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही अगदी सारखे दिसतात.

सर्वाधिक आढळणारे विष मायक्रोसिस्टिन. सात अमिनो आम्लांचे हे कडे यकृताच्या पेशींत शिरून प्रोटीन फॉस्फेटेज ही विकरे बंद पाडते. त्याची अडीचशेहून अधिक रूपे ज्ञात आहेत. सिलिंड्रोस्पर्मॉप्सिन यकृत व मूत्रपिंडावर, तर ॲनाटॉक्सिन आणि सॅक्सिटॉक्सिन मज्जासंस्थेवर परिणाम करतात. पिण्याच्या पाण्यात आयुष्यभरासाठी मायक्रोसिस्टिन-एलआर या रूपाची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला १ मायक्रोग्रॅम आहे, अल्प काळासाठी १२, आणि पोहण्यासारख्या वापरासाठी २४.

थंड देशांत या जीवाणूंचा बहर, म्हणजे पाणी हिरवे करणारी दाट वाढ, उन्हाळ्यापुरता असतो. ठाण्यासारख्या ठिकाणी पाणी वर्षभर उबदार असते, त्यामुळे तापमान हा अडसर उरत नाही. पावसाळ्यात तलाव धुऊन निघतो आणि ढगांमुळे ऊन कमी पडते, म्हणून बहर ओसरतो. ऑक्टोबर हीट सुरू झाली की वाहून आलेली खते, स्थिर पाणी आणि कडक ऊन एकत्र येतात. मासुंदा, उपवन, कचराळी, रायलादेवी असे शहरातील तलाव उथळ, बहुतेक बांधीव काठांचे आणि वस्तीने वेढलेले आहेत. अशा तलावात सांडपाणी, साबण, निर्माल्य आणि माशांना टाकलेले पाव-कुरमुरे यांतून फॉस्फरस जमा होत राहतो. बाहेरून येणारी घाण थांबवली तरी बहर लगेच थांबत नाही, कारण तळाच्या गाळातला प्राणवायू संपला की तिथे साठलेला फॉस्फरस पुन्हा पाण्यात सुटतो. डोलिकोस्पर्ममसारख्या प्रजातींचे जाड भिंतीचे सुप्त बीजाणूही त्याच गाळात पडून असतात. कारंज्यांनी पृष्ठभाग हलतो, तळापर्यंतचे पाणी हलत नाही. शोभेपलीकडे त्यांच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये.

या पेशींत वायूच्या सूक्ष्म पिशव्या असतात. दिवसभर तयार झालेल्या पिठूळ द्रव्यांच्या वजनाने पेशी खाली जातात, रात्री ती द्रव्ये खर्ची पडली की वर येतात. म्हणून वारा पडलेला असताना पहाटे तवंग सर्वात जाड दिसतो. दुपारी पश्चिमेकडून समुद्राचा वारा सुटला की तोच तवंग पूर्वेच्या काठाला जाऊन साचतो, आणि तिथे पेशींचे प्रमाण मोकळ्या पाण्याच्या हजारपटही होऊ शकते. दुपारी पश्चिमेच्या पायरीवरून घेतलेला नमुना त्यामुळे फसवा असतो.

ओळखण्याच्या दोन सोप्या चाचण्या आहेत. काठी पाण्यात बुडवून वर काढावी: लांब हिरवे धागे लोंबले तर ते बहुधा साधे तंतुमय शेवाळ, रंगात बुडवल्यासारखा लेप बसला तर सायनोबॅक्टेरियाचा संशय. दुसरी बाटलीची: पारदर्शक बाटली तीन चतुर्थांश भरून रात्रभर न हलवता ठेवावी. हिरवा थर वर कड्यासारखा जमला तर संशय बळावतो, तळाशी बसला तर तो बहुधा शैवालाचा. पेशी मरून फुटू लागल्या की काठाच्या दगडांवर निळसर डाग उमटतात. तो त्यांच्यातल्या फायकोसायनिन या निळ्या रंगद्रव्याचा रंग. विटकरी तांबडा तवंग मात्र पुष्कळदा युग्लिना या एकपेशीय जीवाचा असतो. मातकट वासाचा फसवेपणा वेगळाच. तो जिओस्मिन या द्रव्यामुळे येतो आणि विषाशी त्याचा थेट संबंध नाही. वास नसलेले पाणी विषारी असू शकते आणि वासाचे पाणी निर्धोक.

विष आहे की नाही हे प्रयोगशाळेतच कळते. तवंगाचा आणि मोकळ्या पाण्याचा नमुना वेगवेगळा घ्यावा, काळपट काचेच्या बाटलीत, बर्फात आणि अंधारात. पेशी मोजण्याच्या नमुन्यात ल्युगॉलचे आयोडीन (पेशी टिकवणारे द्रावण) फिक्या चहाचा रंग येईपर्यंत घालतात. विषाच्या नमुन्यात घालू नये. तपासणीआधी नमुना तीनदा गोठवून वितळवतात, म्हणजे पेशींतले विष बाहेर येते. हा टप्पा गाळला की आकडा खोटाच कमी येतो. प्राथमिक चाचणी एलायझा या प्रतिपिंडांवर आधारित पद्धतीने, विषाचे नेमके रूप द्रव वर्णलेखन व वस्तुमान वर्णपटमापनाने (एलसी-एमएस).

बहर मारण्याची घाई ही नेहमीची चूक. जिवंत बहरात मायक्रोसिस्टिन मुख्यतः पेशींच्या आत असते. मोरचूद टाकले की पाणी काही दिवसांत नितळ दिसते, पण पेशी फुटून विष पाण्यात विरघळते आणि जीवाणूंनी ते विघटित करेपर्यंत दिवस ते आठवडे टिकते. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडच्या पाम बेटावर १९७९ मध्ये धरणात मोरचूद टाकल्यानंतर १४८ जण आजारी पडले, त्यांत बहुतेक मुले. मेलेल्या पेशी कुजताना प्राणवायूही संपतो, आणि पहाटे मासे मरून वर येतात.

ठाण्याचे आणि नवी मुंबईचे नळाचे पाणी या तलावांतून येत नाही. ठाण्याला ते भातसा व उल्हास नद्यांवरील योजनांतून, नवी मुंबईला मुख्यतः मोरबे धरणातून मिळते. तेव्हा शहरी तलावांचा धोका स्पर्शाचा: नौकाविहार, विसर्जनासाठी पाण्यात उतरणे, मासेमारी. तवंग लागला तर अंगावर पुरळ, डोळ्यांची जळजळ. पोटात गेला तर उलट्या-जुलाब. काठावरचे कुत्रे अंग चाटून जास्त विष घेतात. अशा तलावातला मासा खायचाच असेल तर यकृत आणि आतडी काढून टाकावीत, कारण विष तिथे साठते. शिजवल्याने ते जात नाही.

धरणाच्या पाण्यासाठी क्रम महत्त्वाचा आहे. आधी तुरटीने पेशी न फोडता खाली बसवाव्यात व गाळाव्यात, मग क्लोरीन द्यावे. आधी क्लोरीन दिले तर पेशी फुटतात. मायक्रोसिस्टिन नष्ट व्हायला सामू (पीएच) ८ च्या खाली असताना किमान अर्धा तास संपर्क आणि त्यानंतर लिटरला अर्धा मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरलेले हवे. अडचण अशी की जोरदार बहर स्वतःच दुपारी सामू ९ च्या वर नेतो. ॲनाटॉक्सिनवर क्लोरीन फारसे चालत नाही. तिथे सक्रिय कोळशाची भुकटी लागते. ब्राझीलमधील करुआरू येथे १९९६ साली नीट शुद्ध न केलेले टँकरचे पाणी डायलिसिस केंद्राला पोहोचले. सुमारे १३० पैकी ११६ रुग्णांना त्रास झाला आणि ५२ मृत्यू मायक्रोसिस्टिनशी जोडले गेले. डायलिसिसमध्ये पाणी आतड्यातून न जाता पडद्यापलीकडून थेट रक्ताशी भिडते, म्हणून तेथील प्रमाणे नळाच्या पाण्याहून कडक असतात.

घरी पाणी उकळल्याने उपयोग होत नाही. मायक्रोसिस्टिन उष्णतेला टिकते आणि वाफ गेल्याने त्याचे प्रमाण किंचित वाढतेच. कापडाने गाळण्याचा आणि नुसत्या अतिनील दिव्याचाही भरवसा नाही. आरओचा पडदा बहुतेक विष अडवतो, मात्र तो फाटलेला किंवा जुना नसावा.