पार्कात 'सर्व्हे'ची मतपत्रिका आली आहे? सही करण्याआधी हे वाचा

कॅलिफोर्नियात मोबाइल होम पार्कात राहणाऱ्यांच्या दारात कधीतरी एक जाडसर पाकीट येतं. आत दोन-तीन पानांचं पत्र असतं, त्यात 'रहिवाशांची मालकी' असे छान शब्द असतात, आणि शेवटी तीन-चार चौकटींचा एक कागद. पार्कातल्या जागा एकेक करून विकायला काढायला तुमचा पाठिंबा आहे का, हे विचारणाऱ्या सर्व्हेची ही मतपत्रिका. खूण करा, सही करा, ऑफिसात आणून द्या. काही जण तो कागद जाहिरातींच्या गठ्ठ्यात टाकून विसरतात. काही जण मॅनेजर समोर उभा आहे म्हणून भिडेखातर तिथल्या तिथे सही करतात. दोन्हींत नुकसान आहे. आमच्या आणि शेजारच्या पार्कातल्या ज्येष्ठांचे कागद भरून देताना त्याच त्या चुका पाहिल्या, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. सनीव्हेल, सॅन होजे, माउंटन व्ह्यू भागात काही मराठी कुटुंबंही अशा पार्कात राहतात आणि त्यांचे फोन येतात, म्हणून मराठीत.

आधी मूळ गोष्ट. मोबाइल होममध्ये घर तुमचं असतं, खालची जागा पार्क-मालकाची. त्या जागेचं दरमहा भाडं द्यायचं. घराला 'मोबाइल' म्हणत असले तरी ते एकदा बसवलं की हलवणं फार खर्चाचं, आणि जुनं घर घ्यायला दुसरं पार्क तयार नसतं. म्हणजे भाडं वाढलं तरी घर उचलून जाता येत नाही. म्हणूनच अनेक शहरांनी या जागाभाड्यावर नियंत्रण आणलं. सॅन होजेत जुन्या पार्कांना वर्षाला महागाई निर्देशांकाच्या ७५ टक्के, पण किमान ३ आणि कमाल ७ टक्के, अशी वाढीची मर्यादा आहे. माउंटन व्ह्यूनं २०२१ मध्ये स्वतंत्र नियम केला. सनीव्हेलमध्ये मात्र असा नियम नाही, तिथे पार्क-मालकांशी केलेला सामंजस्य करार आहे. आपलं पार्क कोणत्या शहराच्या हद्दीत येतं ते आधी बघा. पत्ता एका शहराचा आणि हद्द काउंटीची, असंही असतं.

हा सर्व्हे नेमका कशासाठी

पार्क-मालक पार्काचे तुकडे पाडून एकेक जागा विकायला काढतो, त्याला रूपांतर म्हणतात. यासाठी कॅलिफोर्नियाच्या शासकीय संहितेतलं कलम ६६४२७.५ लागू होतं. पार्क बंद करून तिथे दुसरं काही बांधण्याची प्रक्रिया वेगळी आहे, तिचे कागदही वेगळे. या दोन्हींत गल्लत करू नका.

रूपांतरात प्रत्येक भाडेकरूला दोन पर्याय द्यावे लागतात: जागा विकत घ्या, किंवा भाडेकरू म्हणूनच राहा. ऐकायला हे निरुपद्रवी वाटतं. "आम्ही विकत घेणार नाही, मग आम्हाला काय फरक पडतो?" हे वाक्य मी किती जणांकडून ऐकलंय! फरक पडतो तो इथे: २००२ साली पाम स्प्रिंग्जच्या एल डोराडो पार्काच्या खटल्यात अपील न्यायालयानं म्हटलं की एक जागा जरी विकली गेली तरी रूपांतर झालं, आणि तिथून पुढे शहराच्या भाडेनियंत्रणाऐवजी राज्याचं सूत्र चालणार. त्या सूत्राप्रमाणे, जो रहिवासी जागा विकत घेत नाही आणि अल्प उत्पन्न गटात बसत नाही, त्याचं भाडं चार वर्षांत समान हप्त्यांनी बाजारभावापर्यंत नेता येतं. समजा आज भाडं १,१०० डॉलर आहे आणि मूल्यांकनात बाजारभाव १,९०० ठरला. म्हणजे दरवर्षी २०० डॉलरची वाढ. हेच भाडं वर्षाला ३ टक्क्यांनी वाढलं असतं तर चार वर्षांनी साधारण १,२३८ झालं असतं. पेन्शनवर जगणाऱ्या माणसाला हा फरक झेपत नाही.

त्याच वर्षी विधिमंडळानं एबी ९३० या कायद्यानं रहिवाशांचा सर्व्हे सक्तीचा केला, म्हणजे मालकी खरोखर रहिवाशांना हवी आहे की भाडेनियंत्रणातून सुटायला हा मार्ग धरला जातोय, हे कळावं. पण सर्व्हेच्या निकालाचं करायचं काय, हे त्यात स्पष्ट नव्हतं. सोनोमा काउंटीनं स्वतःचे कडक निकष लावले, ते २००९ मध्ये न्यायालयात टिकले नाहीत. दहा वर्षांहून जास्त काळ लोक मतं देत राहिले आणि त्या मतांना वजन किती हेच ठरेना. हा घोळ कायदा करणाऱ्यांचा, पण त्याचे चटके बसले सत्तरी-ऐंशीतल्या माणसांना. शेवटी २०१३ च्या एसबी ५१० या कायद्यानं लिहून टाकलं: पार्कातल्या घरमालकांपैकी किमान बहुमताचा पाठिंबा सर्व्हेत दिसला नाही, तर शहर किंवा काउंटी नकाशा, म्हणजे पार्काचे तुकडे कसे पाडायचे ते दाखवणारा मालकाचा अर्ज, नामंजूर करू शकते. 'करू शकते' असं आहे, 'केलाच पाहिजे' असं नाही. आणि बहुमत मोजायचं ते पार्कातल्या घरमालकांचं. नुसत्या परत आलेल्या मतपत्रिकांचं नव्हे. मतपत्रिका किती गेल्या, किती परत आल्या आणि किती होकार, हे तिन्ही आकडे म्हणूनच मागून घ्या. होकारांचा टक्का एकटाच दाखवला तर तो फसवा असतो.

मत कोणाचं, आणि चौकटी कशा वाचायच्या

वस्ती असलेल्या प्रत्येक जागेला एक मत. माणशी नाही. नवरा-बायको दोघांनी वेगवेगळ्या मतपत्रिका भरल्या तर वाद निघतो आणि दोन्ही बाद होऊ शकतात. घरात आधी ठरवा, एकच भरा.

मत लेखीच हवं. मॅनेजरनं फोनवर विचारलं आणि तुम्ही "बरं, बरं" म्हणालात, त्याला अर्थ नाही. तरी बोलताना जपून बोला.

आता चौकटी. 'पाठिंबा आहे', 'पाठिंबा नाही' आणि 'आत्ता उत्तर देत नाही' या तीन चौकटी समजतात. काही सर्व्हेंमध्ये चौथीही असते, साधारण अशी: 'माझं उत्पन्न कमी आहे, आणि मला आर्थिक मदत किंवा भाड्याचं संरक्षण मिळणार असेल तर माझा पाठिंबा आहे.' आमच्या ओळखीच्या एका काकूंनी हीच निवडली. त्यांना वाटलं, आपण भाड्याचं संरक्षण मागितलं. पण वाक्याचं क्रियापद बघा: पाठिंबा आहे. मोजणी करणारा तिला होकारात धरू शकतो, आणि 'तर' मागे राहून जातो. तुमचा विरोध असेल तर विरोधाची चौकट निवडा. काही अटींवर होकार असेल तर त्या अटी वेगळ्या पत्रात, तारीख आणि सहीसह, शहराच्या नियोजन खात्याकडे पाठवा. आणि खरोखर जागा घ्यायची इच्छा असेल, कर्जाचा हिशोब बसत असेल, तर बिनधास्त होकार द्या. रूपांतर प्रत्येक वेळी वाईटच असतं असं नाही. फक्त जागेची किंमत विचारून घ्या, कारण सर्व्हेच्या वेळी ती बहुधा सांगितलेलीच नसते. किंमत माहीत नसताना विकत घ्यायला हो म्हणणं, यासारखं धाडस आपण भाजी घेतानाही करत नाही.

सर्व्हे कसा घ्यायचा हे पार्क-मालक आणि रहिवाशांची स्वतंत्र संघटना यांच्यातल्या कराराप्रमाणे ठरतं, पण संघटना असेल तरच. नसेल तर प्रश्नाची भाषा, मुदत, मोजणी सगळं एका बाजूच्या हातात जातं. त्यामुळे पाकीट येण्याची वाट न बघता संघटना उभी करा. पार्काच्या क्लबहाउसमध्ये राहणीमानाच्या प्रश्नांवर सभा घेण्याचा, घरोघरी जाऊन बोलण्याचा हक्क मोबाइलहोम रहिवासी कायद्याच्या कलम ७९८.५१ नं दिलेला आहे. त्यासाठी मॅनेजरची मेहरबानी लागत नाही.

कागद: जिथे बहुतेक जण अडकतात

कायद्यात मतदानासाठी कागदांची यादी दिलेली नाही. घर कोणाचं यावर वाद झाला की मात्र राज्याच्या गृहनिर्माण खात्याची, म्हणजे एचसीडीची नोंद बघितली जाते. आणि तिथे अनेकांचं नावच नसतं.

घर रोखीनं घेतलं, आधीच्या मालकानं टायटलवर, म्हणजे घराच्या मालकीच्या दाखल्यावर, सही करून दिलं, ते कपाटात गेलं. एचसीडीकडे कोणी पाठवलंच नाही. दहा वर्षांनी मूळ मालक सापडत नाही, थकलेलं शुल्क साठलेलं असतं. काउंटीचा मालमत्ता कर लागू असलेल्या घराचं हस्तांतर करायचं तर आधी काउंटीच्या कर वसुली कार्यालयाकडून कर भरल्याचा दाखला लागतो. तो नसेल तर एचसीडी अर्ज परत पाठवते. घरावरच्या डिकलचा, म्हणजे नोंदणीच्या चिकटपट्टीचा, क्रमांक आणि सीरियल क्रमांक हे दोन्ही वेगळे आहेत. दोन भागांच्या घराला दोन सीरियल क्रमांक असतात आणि लोक एकच लिहितात. अर्ज परत यायचं हेही एक नेहमीचं कारण.

कर्ज असेल तर टायटल बँकेकडे असतं आणि तुमच्याकडे नोंदणीपत्र. "आमचं टायटल हरवलं" म्हणून घाबरलेल्या दोन घरांत कर्ज चालू होतं, बाकी काही नाही.

जोडीदार गेल्यावर नाव कमी करायचं राहून जातं, आणि ते सांगताना लोकांचा आवाज बदलतो. घाई करा असं तोंडावर म्हणवत नाही, पण हे काम करून घ्या. दोघांची नावं वारसाहक्कासह संयुक्त मालकी म्हणून असतील तर मृत्यूचा दाखला जोडून काम होतं. तसं नसेल आणि प्रोबेट, म्हणजे न्यायालयामार्फत वारसांकडे हस्तांतर, लागण्याजोगी दुसरी मालमत्ता नसेल, तर मृत्यूनंतर ४० दिवसांनी प्रोबेटशिवाय हस्तांतराचा अर्ज करता येतो. मृत्यू भारतात झाला असेल आणि महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा दाखला फक्त मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर सोबत ठेवा.

आणि आपली नावं! ग्रीन कार्डावर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे, टायटलवर आडनाव आधी, लग्नाआधीचं नाव तिसऱ्याच कागदावर. दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र आधीच करून ठेवा.

"आम्ही काय गरीब आहोत का?"

अल्प उत्पन्न गटाचा दावा करताना आपल्या लोकांचा पाय इथेच अडखळतो. गट ठरतो काउंटीच्या मध्यम उत्पन्नाच्या ८० टक्क्यांच्या हिशोबानं, घरातल्या माणसांच्या संख्येप्रमाणे. सांता क्लारा काउंटीत ही मर्यादा अलीकडे एकट्या माणसासाठीही एक लाख डॉलरच्या आसपास आहे. म्हणजे नाशिकच्या कोषागारातून पेन्शन येणारे आणि इथे सोशल सिक्युरिटीचे थोडे डॉलर मिळणारे बाबा त्यात सहज बसतात. गटात बसलात तर भाडं मागच्या चार वर्षांच्या सरासरी वाढीइतकंच वाढवता येतं, आणि तेही महागाई निर्देशांकाच्या वाढीपेक्षा जास्त नाही. बाजारभाव लागू होत नाही. यात लाज कसली? दावा करा.

पुराव्यासाठी बहुधा आयकर विवरणपत्र, सोशल सिक्युरिटीचं पत्र आणि पगारपत्रकं मागतात. अनेक आई-बाबा विवरणपत्र भरतच नाहीत. अशा वेळी आयआरएसकडून, म्हणजे केंद्रीय कर खात्याकडून, विवरणपत्र न भरल्याचं पत्र मागवता येतं, अर्जाचा नमुना ४५०६-टी. पण आधी कर सल्लागाराला विचारा, कारण इथल्या रहिवाशाला भारतातलं पेन्शन आणि मुदत ठेवींचं व्याजही दाखवावं लागतं, आणि 'भरायची गरज नव्हती' हा समज चुकीचा निघू शकतो. मुलगा त्याच घरात राहत असेल तर त्याचा पगारही घराच्या उत्पन्नात येतो. तो लपवू नका, पुढे महागात पडतं.

तारखा आणि सुनावणी

पंधरा दिवसांवरून सगळ्यात जास्त गोंधळ होतो. रूपांतराचा रहिवाशांवर काय परिणाम होईल, त्याचा अहवाल शहर किंवा काउंटी नकाशावर जी सुनावणी घेते तिच्या किमान १५ दिवस आधी प्रत्येक रहिवाशाला उपलब्ध करून द्यावा लागतो. ही मालकावरची मुदत आहे. लोक ती मत द्यायची मुदत समजून बसतात, आणि सर्व्हे तोवर केव्हाच संपलेला असतो, कारण त्याचा निकाल नकाशाच्या अर्जासोबतच दाखल होतो. मताची मुदत मतपत्रिकेवर असेल तीच. भाडेवाढीची ९० दिवसांची लेखी नोटीस ही आणखी तिसरी गोष्ट.

सुनावणीत तीन मिनिटं मिळाली आणि "भाडं परवडत नाही" एवढंच सांगितलं, तर मंडळ सहानुभूतीनं मान हलवतं आणि पुढे जातं. या सुनावणीची कक्षा कलम ६६४२७.५ चं पालन झालं की नाही एवढीच आहे. म्हणून बोला ते सर्व्हेबद्दल: मतपत्रिका मिळाली का, कधी मिळाली, चौकटींची भाषा काय होती, संघटनेशी करार झाला होता का, एका जागेची दोन मतं मोजली का, अहवाल वेळेत हातात आला का. इंग्रजीत बोलायला जमत नसेल तर दुभाषी हवा असं शहराच्या लिपिक कार्यालयाला आधी लेखी कळवा. ऐनवेळी मुलाला फोन लावून स्पीकरवर बोलायला लावण्याचा प्रयत्न मी पाहिलाय. त्या आजोबांचा मुद्दा बिनतोड होता, पण कुणालाही नीट ऐकू गेला नाही.

मतपत्रिका देण्याआधी दोन्ही बाजूंचा फोटो काढा. ऑफिसात दिली तर आपल्या प्रतीवर तारखेचा शिक्का मागा. शिक्का देत नसतील तर पोस्टानं, पोचपावतीसह पाठवा, आणि ती पावती टायटलच्याच फाइलमध्ये ठेवा.