गव्हाच्या टोकावरचा थेंब कुठून आला?

डिसेंबरात भल्या सकाळी गव्हाच्या वावरात गेलात तर उभ्याने बघू नका, बांधावर उकिडवे बसा. कोवळ्या पात्याच्या टोकाला एकच टपोरा थेंब लटकलेला दिसेल आणि बाकी पात्यावर अगदी बारीक तुषार. दोन्हींना आपण दवच म्हणतो. तुषार हवेतून आलेत हे खरं, पण टोकावरचा थेंब गव्हानेच आतून बाहेर टाकलेला असतो.

रात्री पानांची रंध्रं मिटतात, बाष्प बाहेर पडणं जवळपास थांबतं. ओल्या जमिनीतली मुळं मात्र पाणी ओढतच राहतात. त्या दाबाने पाणी शिरांतून वर चढतं आणि टोकाजवळच्या सूक्ष्म छिद्रांतून पाझरतं. याला गटेशन म्हणतात. त्यात क्षार असतात, म्हणून थेंब सुकल्यावर कधी कधी पांढुरका डाग उरतो. नुकतंच पाणी दिलेल्या वाफ्यात असे थेंब जास्त. रात्रीच्या विजेवर पाणी भरून दमलेल्या माणसाला ते बघायचं त्राण उरतं का, हा प्रश्न वेगळा.

दवाचं गणित आकाशाशी जोडलेलं आहे. निरभ्र रात्री पातं आपली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपात वर सोडतं आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतं. त्याला टेकलेल्या हवेतलं बाष्प तिथेच पाणी होतं. ढगाळ रात्री ढग उष्णता परत पाठवतात, झाडाखाली फांद्या तेच करतात, म्हणून तिथलं गवत कोरडं. लंडनचे डॉक्टर विल्यम चार्ल्स वेल्स यांनी लोकरीचे पुंजके रात्री उघड्यावर ठेवून सकाळी तोलले आणि १८१४ मध्ये हा उलगडा प्रसिद्ध केला.

महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याची बातमी येते, तेव्हा हवामान खात्याचा आकडा बहुधा शून्याच्या वरच असतो. बातमी खोटी नसते. खात्याचा तापमापक जमिनीपासून सव्वा मीटरभर उंच, पेटीत असतो. गवत त्याहून बरंच गार.

ऊन कोवळं असतानाच सूर्याकडे पाठ करून दवाळ गवतावरची आपली सावली बघा. डोक्याभोवती उजळ वलय दिसतं. प्रत्येक थेंब भिंगासारखं ऊन पात्यावर गोळा करतो आणि तो उजेड आल्या वाटेने परततो. म्हणून शेजारी उभ्या माणसालाही वलय दिसतं, पण स्वतःच्याच डोक्याभोवती. भांडायला छान विषय!

हरभऱ्यात आणखी तिसराच प्रकार. पानांवरच्या बारीक केसांतून मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल स्रवतं, दवात मिसळतं. हीच आंब. रात्री पिकावर धुतलेलं फडकं पसरायचं, सकाळी पिळून बाटलीत भरायचं. पोटदुखीवर देण्याची जुनी रीत आहे. पायाला ओरखडा असेल तर हरभऱ्यातून चालताना ती चांगलीच चरचरते. ऑक्झॅलिक आम्लाने घाटेअळीची वाढ खुंटते, असं प्रयोगांत दिसलं आहे. तरी अळी काही हरभरा सोडत नाही.