मिशन चर्च आणि आफ्रिकी स्वतंत्र चर्च: गल्लत कुठे होते?

आफ्रिकेतले प्रत्येक चर्च मिशनऱ्यांनी उभारलेले, असा एक समज आहे. दुसरा समज याच्या उलट: पाळक आफ्रिकी आणि उपासनेत ढोल, म्हणजे चर्च 'स्वतंत्र'. दोन्ही खुणा फसवतात. आज अँग्लिकन, मेथडिस्ट किंवा प्रेस्बिटेरियन चर्चमध्येही प्रमुख आफ्रिकीच असतात आणि ढोलही वाजतो. पाहायचे ते हे, की चर्च कोणी स्थापन केले आणि सुरुवातीपासून पैसा, नेमणुका, नियम कोणाच्या हातात होते.

मिशन चर्च बाहेरच्या संस्थेने रोवले. प्रत्यक्ष काम मात्र बरेचसे आफ्रिकी माणसांनीच केले, आणि त्यात नाशिकचाही वाटा आहे. चर्च मिशनरी सोसायटी ही इंग्लंडची अँग्लिकन मिशन संस्था तिथल्या शरणपूरला गुलामगिरीतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना शिकवत असे. त्यांच्यापैकी काही जण पुढे मोंबासाजवळच्या फ्रेअरटाउन वसाहतीत कामाला लागले. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रेअर यांच्यावरून तिचे नाव पडले.

याच सोसायटीचे सचिव हेन्री व्हेन यांचे सूत्र होते: स्थानिक चर्चने आपला कारभार, खर्च आणि प्रसार स्वतः करावा, मिशनने पुढच्या प्रदेशात जावे. १८६४ साली नायजेरियाच्या योरुबा समाजातले सॅम्युएल अजाई क्राउदर बिशप झाले, ते याच विचाराने. पण १८९० मध्ये तरुण इंग्रज मिशनऱ्यांनी क्राउदर यांच्या आफ्रिकी सहकाऱ्यांना कामावरून दूर केले. पुढच्या वर्षी क्राउदर वारले आणि त्यांच्या जागी गोरा बिशप आला. हा अन्याय होता, आणि स्वतंत्र चर्चची मुळे अशाच अपमानांत आहेत.

आफ्रिकी माणसांनी स्वतः स्थापलेल्या या स्वतंत्र चर्चमध्येही दोन जाती ओळखाव्या लागतात. पहिली 'इथिओपियन' (हे नुसते नाव, इथिओपिया देशातले चर्च नव्हे). १८९२ मध्ये प्रिटोरियात मांगेना मोकोने हे पाळक मेथडिस्टांपासून वेगळे झाले. या प्रकारात उपासना जवळपास जुनीच राहते, बदलतो तो कारभार. दुसरी जात संदेष्ट्यांच्या, म्हणजे देवाचा संदेश सांगणाऱ्यांच्या, चर्चची: प्रार्थनेने रोगमुक्ती, स्वप्ने, पांढरे झगे, दारू-तंबाखू वर्ज्य. बेल्जियन काँगोत सायमन किंबांगू यांनी १९२१ मध्ये न्कांबा गावी आजाऱ्यांवर हात ठेवून प्रार्थना सुरू केली. काही महिन्यांतच त्यांना अटक झाली. फाशीची शिक्षा जन्मठेपेवर आली आणि १९५१ मध्ये ते तुरुंगातच वारले. त्यांच्या चर्चला १९५९ मध्ये सरकारी मान्यता आणि १९६९ मध्ये जागतिक चर्च परिषदेचे सदस्यत्व मिळाले. या चर्चच्या प्रभुभोजनात (भाकरी-द्राक्षारसाच्या विधीत) द्राक्षारसाऐवजी मधपाणी असते.

नियमांतला फरक बहुपत्नीत्वात सर्वांत स्पष्ट दिसतो. १८८८ च्या लँबेथ परिषदेने, म्हणजे जगभरच्या अँग्लिकन बिशपांच्या सभेने, अनेक बायका असलेल्या पुरुषाला बाप्तिस्मा नाकारला. बाकीच्या बायकांना सोडायचे, तर त्या आणि त्यांची मुले उघड्यावर पडायची. कित्येक स्वतंत्र चर्चनी अशा कुटुंबांना जसेच्या तसे आत घेतले. अँग्लिकनांनी सशर्त दार उघडले ते १९८८ मध्ये, पूर्ण शंभर वर्षांनी.

दोषही वेगवेगळे. मिशन चर्चचे दुखणे परदेशी पैशाचे. पगार आणि इमारती बाहेरच्या निधीवर चालल्या की निर्णयही तिकडेच होतात. म्हणूनच १९७१ मध्ये केनियाचे प्रेस्बिटेरियन नेते जॉन गाटू यांनी मिशनरी आणि निधी दोन्ही काही काळ थांबवा, अशी मागणी केली. स्वतंत्र चर्चपैकी रोगमुक्तीवर भर देणाऱ्या काहींमध्ये औषध आणि लस नाकारली जाते, आणि त्याची किंमत मुले मोजतात. झिंबाब्वेत २०२२ च्या गोवराच्या साथीत शेकडो बालके दगावली, त्यांत लस न घेणाऱ्या, याच प्रकारच्या अपोस्टोलिक पंथांतली पुष्कळ होती.

स्वतंत्र चर्चची दुसरी अडचण वारसाहक्काची. संस्थापक गेला की कधी कधी मुलांत फूट पडते. दक्षिण आफ्रिकेच्या झायन ख्रिश्चन चर्चचे संस्थापक एंगेनास लेकगान्याने हे १९४८ मध्ये वारले आणि चर्च दोन मुलांत विभागले. छातीवरच्या बिल्ल्यात चांदणी असेल तर ती व्यक्ती एडवर्ड यांच्या शाखेची, कबूतर असेल तर जोसेफ यांच्या.