केमोत तोंड येणं म्हणजे 'उष्णता' नव्हे

कॅन्सरची केमो (केमोथेरपी) सुरू झाली की नागपुरात शेजारीपाजारी हमखास सांगतात: तोंड आलं म्हणजे अंगातली उष्णता, तुरटीच्या गुळण्या करा, संत्र्याचा रस द्या. माझ्या मावशीनेही ऐकलं. संत्र्याची पहिली फोड जिभेवर टेकली आणि तिच्या डोळ्यांतून पाणीच आलं.

हे छाले उष्णतेचे नाहीत. केमोची औषधं भराभर वाढणाऱ्या पेशी मारतात, आणि तोंडाचं अस्तर तशाच पेशींचं असतं. म्हणून साधारण ५ ते १० दिवसांत ते सोलवटतं. तुरटीने तोंड कोरडं पडतं. आंबट आणि सावजी तिखट झोंबतं. खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) तर पूर्ण बंदच.

खरा उपयोगी उपाय म्हणजे साधा बर्फ, पण ठरावीक औषधांपुरताच. ५-एफयू (फ्लुरोयुरॅसिल) हे केमोचं औषध शिरेतून झटकन देतात तेव्हा ५ मिनिटं आधीपासून सुमारे ३० मिनिटं बर्फ चघळला, तर रक्तवाहिन्या आकसतात आणि औषध तोंडाच्या अस्तरापर्यंत कमी पोचतं. ऑक्झॅलिप्लॅटिन हे केमोचं दुसरं औषध सुरू असेल तर मात्र बर्फ नको, थंडीने घसा आवळल्यासारखा होतो. म्हणून डॉक्टरांना विचारूनच करा.

बाकी मऊ ब्रश, आणि मीठ आणि खाण्याच्या सोड्याच्या कोमट गुळण्या. ताप आला किंवा पाणीही गिळवेना, तर सकाळची वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा.