शेअर विकला खरा, पण जोखमीपायी की तत्त्वापायी?

ऑगस्ट २०२५ मध्ये नॉर्वेच्या सरकारी तेल-फंडाकडून पंधरवड्याच्या अंतराने दोन घोषणा झाल्या. ११ ऑगस्टला फंडाच्या व्यवस्थापनाने सांगितलं की, फंड आपली तुलना ज्या शेअर-निर्देशांकाशी करतो त्यात नसलेल्या अकरा इस्रायली कंपन्यांमधली गुंतवणूक आपण काढून घेतोय आणि इस्रायलमध्ये नेमलेल्या बाहेरच्या फंड मॅनेजरांचे करारही संपवतोय. २५ ऑगस्टला अमेरिकेची कॅटरपिलर ही अवजड यंत्रांची कंपनी आणि पाच इस्रायली बँका फंडातून वगळल्याचं जाहीर झालं. वरवर पाहणाऱ्याला दोन्ही बातम्या एकच वाटतील: नॉर्वेने शेअर विकले. पण हे निर्णय घेणारे वेगळे होते, त्यांची प्रक्रिया वेगळी होती आणि त्यांना विचारलेला प्रश्नही वेगळा होता.

भू-राजकीय जोखीम सांभाळणं आणि जबाबदार गुंतवणूक करणं या दोन गोष्टींची गल्लत इथेच सुरू होते. दोन्हींत एखादा देश किंवा कंपनी नको म्हटली जाते आणि दोन्हींचा शेवट शेअर विकण्यात होतो. पण पहिलीत प्रश्न असतो, ‘माझ्या पैशाचं काय होईल?’ दुसरीत असतो, ‘माझ्या पैशाने कुणाचं काय होतंय?’ ज्याला पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालंय तो दुसऱ्याचंही मिळालं असं समजून निर्धास्त राहतो. आजकाल ईएसजीची, म्हणजे पर्यावरण, समाज आणि कारभार पाहून गुंतवणूक केल्याची, पाटी लावलेल्या योजनांत पैसे घालणाऱ्यांचं नेमकं हेच होतं, म्हणून हा फरक सविस्तर मांडावासा वाटला.

नॉर्वेचं उदाहरण घ्यायचं कारण सरळ आहे. तिथे दोन्ही कामं एकाच छपराखाली, पण वेगवेगळ्या हातांनी होतात आणि त्यांचे नियम उघड आहेत. उत्तर समुद्रातल्या तेलाचा पैसा साठवायला १९९० मध्ये कायदा झाला, १९९६ मध्ये पहिला भरणा झाला. आज फंडात सुमारे २० लाख कोटी क्रोनर आहेत. जगभरच्या नोंदणीकृत शेअरांपैकी सरासरी दीड टक्का या एकाच फंडाकडे आहे आणि नॉर्वेच्या बाहेरच गुंतवायचं असा त्याचा नियम आहे. त्यामुळे जगात कुठेही युद्ध पेटलं, निर्बंध लागले की या फंडाचा काही ना काही पैसा तिथे असतोच.

२००४ मध्ये फंडासाठी नैतिक नियमावली आली आणि पाच जणांची एक स्वतंत्र नैतिकता परिषद नेमली गेली. ही परिषद कंपन्यांची चौकशी करते, आपल्या अहवालाचा मसुदा कंपनीला दाखवून तिचं म्हणणं मागवते आणि मग शिफारस करते. २०१५ पासून शेवटचा निर्णय नॉर्जेस बँकेच्या, म्हणजे फंड सांभाळणाऱ्या नॉर्वेच्या मध्यवर्ती बँकेच्या, कार्यकारी मंडळाचा असतो. त्याआधी तो अर्थ मंत्रालयाचा असे. आधी शेअर विकले जातात, नंतर नाव आणि कारण जाहीर होतं. कॅटरपिलर याच दाराने बाहेर गेली. तिचे बुलडोझर पॅलेस्टिनी लोकांची मालमत्ता बेकायदा पाडायला वापरले जातात, असं परिषदेचं म्हणणं होतं. बँकांवरचा ठपका वेस्ट बँकमधल्या वसाहतींच्या बांधकामाला पैसा पुरवल्याचा होता. कॅटरपिलरचा नफा घसरेल की वाढेल, हा प्रश्न तिथे आलाच नाही.

दुसरं दार फंडाच्या मॅनेजरांचं. २०१२ पासून ते पर्यावरण, कारभार, मानवी हक्क अशा मुद्द्यांवर ज्या कंपन्यांचं भविष्य धोक्यात वाटतं त्यांतून बाहेर पडतात. इथे परिषद नाही, कंपनीला नोटीस नाही आणि सहसा नावंही जाहीर होत नाहीत. ११ ऑगस्टचा निर्णय याच बाजूचा, म्हणजे व्यवस्थापनाने स्वतःच्या अधिकारात घेतलेला. तो निव्वळ जोखमीचा हिशेब होता असं मी म्हणणार नाही, कारण गाझातल्या परिस्थितीचा उल्लेख त्या घोषणेतही होता. पण मुख्य सूर असा होता की, युद्धात असलेल्या देशातल्या इतक्या कंपन्यांवर नीट लक्ष ठेवणं अवघड आहे, म्हणून संख्या कमी करू आणि जे ठेवू ते आपल्याच हाताने सांभाळू.

हे दोन प्रश्न किती दूरचे असू शकतात हे पाहायचं तर दोन टोकं घ्यावीत. तैवानच्या टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपनीवर नैतिक आक्षेप घेऊन तिचे शेअर विकणारा गुंतवणूकदार शोधूनच काढावा लागेल. तरी वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेने २०२२ च्या तिसऱ्या तिमाहीत ४ अब्ज डॉलरहून जास्त किमतीचे तिचे शेअर घेतले आणि पुढच्या दोन तिमाहींत सगळे विकून टाकले. कंपनी उत्तम आहे, पण ती जिथे आहे ती जागा मनाला पटत नाही, अशा अर्थाचं बफे स्वतः म्हणाले. तैवानवर चीन हक्क सांगतो, त्यातून येणारी ही निखळ भू-राजकीय जोखीम. दुसऱ्या टोकाला तंबाखू. नॉर्वेच्या फंडाने २०१० मध्ये तंबाखू कंपन्या बाहेर काढल्या. त्यांना ना युद्धाची झळ ना निर्बंधांची, आणि लाभांश भरपूर. तंबाखू आणि शस्त्रास्त्रांच्या कंपन्या वगळल्याने परतावा घटला, हे फंड आपल्या अहवालांत मोकळेपणाने मांडतो. तत्त्वाची ही किंमत आधीच मान्य केलेली होती.

भारतातल्या वाचकाला जवळची वाटेल अशी एक कंपनी या दोन्ही दारांतून गेली आहे: अदानी पोर्ट्स. २४ जानेवारी २०२३ ला हिंडेनबर्ग रिसर्च या अमेरिकी संस्थेचा अदानी समूहावर गैरव्यवहाराचे आरोप करणारा अहवाल आला आणि समूहाने त्यातले सगळे आरोप फेटाळले. ९ फेब्रुवारीला नॉर्वेच्या फंडाने सांगितलं की, अदानी समूहात आता आमचा एकही शेअर नाही. २०२२ च्या अखेरीस समूहाच्या तीन कंपन्यांत फंडाचा पैसा होता, त्यात अदानी पोर्ट्सही होती. त्याआधी २०१४ पासून समूहाच्या पाच कंपन्यांतून फंड कसलाही गाजावाजा न करता निघाला होता. ही सगळी विक्री मॅनेजरांची. कंपनीने काही गैर केलंय असा निवाडा त्यात नव्हता, ‘इथे आपला पैसा किती सुरक्षित आहे’ एवढाच अंदाज होता.

नैतिकता परिषदेकडे याच कंपनीची वेगळी फाइल होती, आणि तिचा हिंडेनबर्गशी काही संबंध नव्हता. अदानी पोर्ट्स म्यानमारमध्ये यांगूनला कंटेनर टर्मिनल बांधत होती, आणि जमीन भाडेपट्ट्याने घेतली होती ती तिथल्या लष्कराच्या मालकीच्या महामंडळाकडून. फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराने सत्ता बळकावली. मार्च २०२२ मध्ये फंडाने कंपनीला निरीक्षणाखाली ठेवलं. मे २०२३ मध्ये कंपनीने ते टर्मिनल ३ कोटी डॉलरला विकलं, म्हणजे घातलेल्या पैशाच्या कितीतरी कमी किमतीत. प्रश्न मिटला असं वाटेल. पण घेणारा कोण, याची पुरेशी माहिती मिळत नाही आणि त्यामुळे लष्कराशी संबंध खरोखर तुटला का हे कळत नाही, असं परिषदेचं म्हणणं पडलं. १५ मे २०२४ ला अदानी पोर्ट्स वगळलेल्या कंपन्यांच्या यादीत गेली. सव्वा वर्षापूर्वीच ‘आमचा एकही शेअर नाही’ म्हणणाऱ्या फंडाला ही घोषणा करावी लागली, कारण मॅनेजर जे विकतो ते उद्या परत घेऊ शकतो. यादीत गेलेली कंपनी, यादी बदलेपर्यंत, घेता येत नाही. कधीकधी ती बदलतेही: २००६ मध्ये वगळलेली वॉलमार्ट २०१९ मध्ये परत आली.

यातली एक गोष्ट मला फार बोलकी वाटते. म्यानमारमधून बाहेर पडायचं अदानी पोर्ट्सने ऑक्टोबर २०२१ मध्येच ठरवलं होतं, ते जोखीम समितीच्या सल्ल्याने. कंपनीच्या डोळ्यांसमोर निर्बंध होते आणि परिषदेच्या डोळ्यांसमोर तिथली माणसं. एकाच टर्मिनलकडे दोघांनी पाहिलं आणि दोघांनाही ते नको झालं. तरी समाधान कशाने होणार याची उत्तरं निराळी निघाली. कंपनीला फक्त बाहेर पडायचं होतं, तर परिषदेला कुणाच्या हाती देऊन बाहेर पडलात हेही हवं होतं.

महाराष्ट्र-गोव्यातली नावंही या यादीत आहेत. सेसा गोवा आणि स्टरलाइट एकत्र येऊन झालेली सेसा स्टरलाइट २०१४ मध्ये वगळली गेली, पर्यावरण आणि मानवी हक्कांच्या कारणावरून. मुंबईची टाटा पॉवर कोळशाच्या, म्हणजे कोळशावर फार अवलंबून असलेल्या कंपन्या वगळायच्या, निकषामुळे गेली.

आता रशिया. दोन प्रश्नांची गल्लत किती महाग पडते हे तिथे दिसलं. २४ फेब्रुवारी २०२२ ला रशियाने युक्रेनवर हल्ला केला आणि २७ तारखेला नॉर्वेच्या सरकारने जाहीर केलं की, फंड रशियातून बाहेर पडणार. फंडाचे तिथे २,५०० कोटी क्रोनरच्या आसपास गुंतलेले होते. निर्णय तत्त्वाचा होता आणि तीन दिवसांत झाला होता. पण २८ फेब्रुवारीपासून मॉस्कोतला शेअर बाजार बंद पडला तो २४ मार्चपर्यंत उघडला नाही, आणि उघडला तेव्हाही परदेशी गुंतवणूकदारांना विकायची मुभा नव्हती. लंडनमध्ये रशियन कंपन्यांच्या शेअरांऐवजी ज्यांचा व्यवहार होतो त्या ठेव-पावत्या काही दिवसांत कवडीमोल झाल्या. शेअर-निर्देशांक बनवणाऱ्या एमएससीआय या संस्थेने ९ मार्चला रशियाला उदयोन्मुख बाजारांच्या निर्देशांकातून काढलं, तेही जवळजवळ शून्य भाव धरून. नॉर्वेच्या फंडाने विकायचं ठरवलं, पण विकता आलं नाही. पुढे कित्येक वर्षं ते शेअर कागदावर तसेच पडून राहिले.

तत्त्व घटना घडल्यावरही सांगता येतं आणि सांगायलाच हवं. जोखीम मात्र घटनेआधीच मोजावी लागते, नंतर दार बंद असतं. २०१४ मध्ये रशियाने युक्रेनचा क्रिमिया बळकावल्यावर इशारा पुरेसा स्पष्ट होता. तरी शाश्वत गुंतवणुकीची पाटी लावलेल्या अनेक युरोपीय फंडांत २०२२ पर्यंत गॅझप्रॉम ही रशियन गॅस कंपनी, स्बरबँक ही रशियन बँक आणि रशियन सरकारी रोखे होते. त्यांच्या व्यवस्थापकांनी कंपनीचा कारभार तपासला असेल, प्रदूषण तपासलं असेल. ती कंपनी ज्या राजवटीच्या मुठीत आहे तिच्याकडे मात्र पुरेसं पाहिलं नाही.

आणि ज्याने कुठलीच नैतिक भूमिका घेतली नाही त्याचीही यातून सुटका झाली नाही. भारताने रशियावर निर्बंध लावले नाहीत, तेल घेत राहिला. तरी ओएनजीसी विदेश, ऑइल इंडिया, इंडियन ऑइल अशा आपल्या सरकारी कंपन्यांचा तिथल्या तेलक्षेत्रांतला लाभांश रशियातल्या बँक खात्यांत अडकून पडला. नफा झाला, पण घरी आणता येईना. जोखमीला तुमची भूमिका काय आहे याच्याशी देणंघेणं नसतं.

उलट बाजूही आहे, आणि ती मला जास्त काळजीची वाटते: तत्त्वाने वागणं हीच नवी भू-राजकीय जोखीम होऊ लागली आहे. कॅटरपिलर वगळल्यावर अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने जाहीर नाराजी व्यक्त केली, सिनेटर लिंडसे ग्रॅहम यांनी नॉर्वेवर आयात शुल्क आणि व्हिसाबंदीची भाषा केली. त्यानंतर ४ नोव्हेंबर २०२५ ला नॉर्वेच्या संसदेने नैतिक वगळणुकीची प्रक्रियाच तात्पुरती थांबवली आणि नियमावलीचा फेरविचार सुरू केला. अर्थमंत्री येन्स स्टोल्टेनबर्ग यांचा मुद्दा असा की, हेच निकष लावत गेलो तर उद्या अमेरिकेच्या बड्या तंत्रज्ञान कंपन्यांनाही बाहेर काढायची वेळ येईल, आणि फंडाचा फार मोठा हिस्सा त्यांच्यातच आहे. हा हिशेब समजण्यासारखा आहे. पण यात दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या प्रश्नाने दिलं, हे लपत नाही. लहान कंपनी असती तर तत्त्व टिकलं असतं, मोठी निघाली म्हणून तत्त्वच थांबलं. दोन दारं वेगळी ठेवली होती ती अशाच वेळेसाठी, असं माझं ठाम मत आहे.

आपल्याकडच्या गुंतवणूकदाराला यातलं काय लागू होतं? सर्वांत आधी रेटिंग. एमएससीआयसारख्या संस्थांचं ईएसजी रेटिंग मुख्यतः पहिल्या प्रश्नाचं उत्तर असतं: या मुद्द्यांमुळे कंपनीच्या पैशाला किती धोका आहे आणि आपल्याच धंद्यातल्या इतरांच्या तुलनेत ती तो कसा सांभाळते. म्हणून तेल कंपनीलाही चांगला दर्जा मिळू शकतो. त्यात फसवणूक नाही. पण ‘कंपनी जगाशी चांगली वागते’ असा त्याचा अर्थ कुणी लावत असेल तर तो लावणाऱ्याचा गैरसमज.

जुलै २०२३ मध्ये सेबीने म्युच्युअल फंडांच्या ईएसजी योजनांसाठी सहा प्रकार ठरवून दिले आणि कोणता प्रकार ते योजनेच्या नावातच लिहायला लावलं. त्यात ‘एक्सक्लूजन’ म्हणजे काही कंपन्या थेट वगळणारी योजना, आणि ‘इंटिग्रेशन’ म्हणजे इतर बाबींबरोबर ईएसजीचाही विचार करणारी. दोन्हींवर पाटी ईएसजीचीच. तंबाखू किंवा शस्त्रांत आपला पैसा जाऊ नये असं ज्याला वाटतं त्याने पहिल्या प्रकारात, योजनेच्या दस्तऐवजात काय वगळलंय आणि उत्पन्नाच्या किती टक्क्यांपासून वगळलंय, ते वाचावं. इंटिग्रेशनवाल्या योजनेत तंबाखू कंपनी दिसली तर तक्रारीला जागा नाही.

परदेशी बाजारात पैसे घालणाऱ्या योजनेत आणखी एक पान उघडावं लागतं, ते देशनिहाय वाटणीचं. उदयोन्मुख बाजारांच्या निर्देशांकामागे जाणारा फंड घेतला की चीन आणि तैवान यांचं वजन मोठं असतं, आणि निर्देशांकातून एखादा देश कधी काढायचा हे तुमचा मॅनेजर नव्हे, निर्देशांक बनवणारी संस्था ठरवते. ईएसजीची गाळणी लावलेला निर्देशांक असला तरी देशांचं वजन पुष्कळदा मूळ निर्देशांकाच्या जवळपासच ठेवलेलं असतं. टीएसएमसी त्या गाळणीतून आरामात पार होते, पण तैवानच्या सामुद्रधुनीत काय होईल याचा अंदाज ती गाळणी बांधत नाही.