कप्तान फिट्झरॉयची न्यूझीलंडमधली दोन वर्षं

रॉबर्ट फिट्झरॉय म्हटलं की दोन गोष्टी आठवतात. चार्ल्स डार्विन ज्या 'बीगल' जहाजातून जगभर फिरला, त्याचा हा कप्तान. आणि १८६१मध्ये वर्तमानपत्रातून हवामानाचा अंदाज द्यायला सुरुवात केली, तीही यानेच. या दोन्हींच्या मधे न्यूझीलंडच्या गव्हर्नरपदाची दोन वर्षं येतात. 'अपयश' या एका शब्दात ती सहसा उरकली जातात. मला हा निवाडा अन्यायाचा वाटतो.

नेपोलियनशी चाललेली युद्धं १८१५मध्ये संपली आणि ब्रिटिश आरमारातले कितीतरी अधिकारी अर्ध्या पगारावर घरी बसले. पुढे नव्या वसाहतींचा कारभार त्यांच्यातल्या काहींकडे गेला. दक्षिण ऑस्ट्रेलियात हिंडमार्श, टास्मानियात फ्रँकलिन, न्यूझीलंडमध्ये हॉब्सन, तिघेही आरमारी. लंडनचं उत्तर यायला कित्येक महिने लागत. तोवर स्वतःच्या हिमतीवर निर्णय घेणारा माणूस सरकारला हवा होता. फिट्झरॉय तसा होता. जन्म १८०५चा, बाराव्या वर्षी आरमाराच्या शाळेत, तेविसाव्या वर्षी 'बीगल'चा ताबा. पण जहाजावर कप्तानाचा शब्द अखेरचा असतो. वसाहतीत जमीन विकणारी कंपनी असते, तिची वर्तमानपत्रं असतात आणि लंडनमध्ये तिचे वजनदार पाठीराखेही असतात.

६ फेब्रुवारी १८४०ला ब्रिटिशांशी झालेल्या वैतांगी करारानुसार माओरींना, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांना, जमीन विकायची झाली तर ती फक्त राणीच्या सरकारलाच विकता येणार होती. न्यूझीलंड कंपनीने मात्र आधीच लंडनमध्ये भूखंड विकून माणसं रवाना केली होती. १८४२मध्ये हॉब्सन वारला. पुढच्या जूनमध्ये नेल्सनचे वसाहतवाले वैराऊ खोऱ्यात मोजणी रेटायला आणि ती रोखणाऱ्या 'ते राउपराहा' या माओरी सरदाराला पकडायला हत्यारं घेऊन गेले. गोळीबार झाला. २२ गोरे मेले. त्यांतल्या काहींना शरण आल्यानंतर मारण्यात आलं.

डिसेंबर १८४३मध्ये फिट्झरॉय पोचला तेव्हा गोऱ्यांना सूड हवा होता. फेब्रुवारीत तो वैकानेला गेला, माओरींच्या भर सभेत ते राउपराहाचं म्हणणं ऐकलं आणि निकाल दिला: शरण आलेल्यांना मारणं हा गुन्हाच, पण आगळीक गोऱ्यांची, म्हणून शिक्षा नाही. हाताशी पुरेसं सैन्य नव्हतं, हे खरं. तरीही हा निकाल न्यायाचा होता, असं मी ठामपणे म्हणेन. कंपनीने त्याला कधीच माफ केलं नाही.

तिजोरी रिकामी होती. पगार द्यायला त्याने परवानगीशिवाय कागदी रोखे काढले आणि जमीनखरेदीवरचा सरकारी मक्ता सैल केला. राजधानी ऑकलंडला गेल्यापासून आणि जकात बसल्यापासून उत्तरेकडच्या बंदरांचा व्यापार बसला होता, तिथले माओरी चिडले होते. त्यांच्यातला सरदार होने हेके याने जुलै १८४४मध्ये कोरोरारेका या बंदरगावातली ब्रिटिश निशाणाची काठी तोडली. फिट्झरॉयने जकात उठवली. त्यामुळे उरलंसुरलं उत्पन्नही गेलं. ही मात्र त्याची चूक. मार्च १८४५मध्ये काठी चौथ्यांदा पडली आणि गावही हातचं गेलं.

लंडनने त्याला परत बोलावलं. नोव्हेंबरमध्ये नवा गव्हर्नर जॉर्ज ग्रे आला, तो जादा पैसा आणि जादा फौज घेऊनच. फिट्झरॉय या दोन्हींसाठी पत्रं लिहून थकला होता.

तारानाकीत कंपनीच्या पदरात ६०,००० एकर टाकणारा निवाडाही त्याने फिरवला होता आणि साधारण ३,५०० एकरांवर तिला थांबवलं होतं. पुढच्या गव्हर्नरांनी तिथे पुन्हा जमीन घ्यायला सुरुवात केली. १८६०मध्ये त्याच तारानाकीत, वैताराच्या एका भूखंडावरून युद्ध पेटलं.